अस्सल, नक्कल आणि सुई

बदलापूर गावातील एका जुन्या घरात थोरल्या सासूबाईंचे, लग्नानंतर लवकरच काढलेले, एकुलते एक छायाचित्र होते, आणि २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने काठ सोडून गावात प्रवेश केला तेव्हा त्या छायाचित्राचा डावा भाग, म्हणजे एक डोळा, अर्धे कपाळ आणि कानातील कुडी एवढा ऐवज, नाहीसा झाला. उरलेले चित्र त्या घरच्या सुनेने बरीच वर्षे कपाटात जपून ठेवले आणि अलीकडे ते अंबरनाथच्या एका भरतकाम शिकवणाऱ्या बाईंकडे आणून, हे कापडावर भरून द्या, अशी विनंती केली. होकार देण्यापूर्वी बाईंनी, आम्ही सारे ज्यांना अप्पा म्हणतो त्या बदलापूरच्या वयोवृद्ध छायाचित्रकारांना सल्ल्यासाठी बोलावले; पण अप्पा सल्लागार म्हणून न येता फिर्यादी म्हणून आले. त्या दुपारी बाईंच्या वर्गात जी वादावादी झाली तिचा तपशील, दोघांच्या अनुमतीने, येथे देत आहे. मी तेथे शेजारधर्माने हजर होतो, तरी मधूनमधून आपले मत घुसडण्याचा मोह मला आवरलेला नाही, हे वाचकांना दिसेलच.

अप्पांनी चित्र खिडकीशी नेऊन, तिरके धरून, पुष्कळ वेळ पाहिले आणि मग सुरुवात केली.

"बाई, तुमच्या कसबाबद्दल मला आदर आहे, परंतु हे काम तुम्ही अंगावर घेऊ नये, असे माझे प्रांजळ मत आहे. छायाचित्र ही शोभेची वस्तू नव्हे, तो दस्तऐवज आहे. या माउलीच्या अंगावरून परतलेला उजेड भिंगातून जाऊन चांदीच्या क्षारांवर पडला आणि तेथे त्याचा ठसा उमटला. घरात त्यांची भांडी असतील, लुगडी असतील; पण त्यांच्या देहाशी इतका प्रत्यक्ष संबंध असलेली दुसरी चीज त्या घरात नाही. तलाठ्याने सातबाऱ्यावर मर्जीप्रमाणे फेरफार करावा आणि तो वळणदार अक्षरात केला म्हणून वर शाबासकी मागावी, तसला हा प्रकार होईल."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सातबाऱ्याची गोष्ट तुम्हीच काढलीत म्हणून विचारते, अप्पा. तुमच्या स्टुडिओत पाठीमागे जो पडदा असे, त्यावर कमानी होत्या, संगमरवरी जिना होता आणि तळ्यात राजहंस होते. बदलापुरात ते तळे कोणत्या सर्व्हे नंबरात आहे? लग्न ठरायच्या मुलांना घालायला खुंटीवर एक कोट टांगलेला असे, तो आळीतल्या निम्म्या जावयांच्या अंगावर मी पाहिला आहे. आणि देवीच्या व्रणांचे काय?"

अप्पा हसले. "व्रण आम्ही बुजवीत असू, हे कबूल. निगेटिव्हवर वार्निशाचा पातळ हात द्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने ठिपक्याशेजारी ठिपका मांडत जायचे. व्रणाची सावली निगेटिव्हवर पारदर्शक असते. ती पेन्सिलीने दाट केली की कागदावर गाल गुळगुळीत उतरतो. गिऱ्हाइकांचा तगादाच तसा असे."

"मग या फेरफाराची नोंद कोणत्या दप्तरात केलीत?"

"नोंद केली नाही, आणि म्हणूनच तुम्हाला अडवतो आहे. एका कारागिराने केलेली लबाडी दुसऱ्या कारागिराला परवाना ठरत नाही. शिवाय माझ्या पेन्सिलीखाली अस्सल चेहरा शाबूत होता. येथे तो अर्धा गेलेला आहे. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचेच पाहा. १८६८ च्या सुमारास सरकारने मुंबईच्या कलाशाळेतील मंडळींकडून त्या देवळाची रेखाचित्रे, छायाचित्रे आणि साचे करवून घेतले, कारण दगड झिजतो, आणि नक्कल अस्सलबरहुकूम असेल तरच ती मागाहून कामी येते. त्याच देवळातील शिलालेखाचा शक डॉक्टर भाऊ दाजींनी ७८२ असा वाचला. भाऊ दाजी म्हणजे सामान्य असामी नव्हे. विद्वान, वैद्य, आणि या मुलखात कॅमेरा नवा होता त्या काळी तो हाताळणारे गृहस्थ. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच शक ९८२ असल्याचे दाखवले आणि देऊळ एका अंकासरशी दोनशे वर्षे अलीकडे आले. इसवी सन १०६० असे आपण पाहुण्यांना सांगतो ते या दुसऱ्या वाचनावरून. झिजलेल्या दगडावर भाऊ दाजींची ही गत, तर नाहीशा झालेल्या डोळ्यावर तुमचा-आमचा काय पाड?"

हा दाखला मला फार समर्पक वाटला आणि वाद येथेच निकाली निघाला असे मी मनात धरले. बाईंना तसे वाटले नाही.

"भगवानलालांनीही तो लेख वाचलाच ना, अप्पा? दगडाला कोणी हात लावू नये, नुसता जतन करावा, असे म्हणून सगळे दूर बसले असते तर शक ७८२ तसाच राहिला असता. चूक दुरुस्त झाली ती कोणीतरी पुन्हा जवळ जाऊन, अक्षरावर नजर रोखून बसला म्हणून. फोटो काढताना तुम्ही या बाईंकडे किती वेळ पाहता? झडप उघडून मिटते तेवढा. भिंतीवर टांगल्यावर घरची माणसे किती वेळ पाहतात? सणावारी हार घालण्यापुरता. मी हे काम घेतले तर चार महिने या चेहऱ्यासमोर बसेन. तुम्ही याला नक्कल म्हणता. मी वाचन म्हणते."

बाईंची रीत मी अनेकदा जवळून पाहिली आहे, आणि ती वाचकांसमोर ठेवल्याशिवाय त्यांच्या म्हणण्याचे वजन कळणार नाही. चित्राची मोठी प्रत काढून तिच्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवायचा, सावल्यांच्या हद्दी पेन्सिलीने आखायच्या, त्या रेघांवरून सुईने दाट भोके पाडायची, आणि मग तो कागद कापडावर ताणून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा त्यावरून फिरवायचा, की खालच्या कापडावर ठिपक्याठिपक्यांचा चेहरा उमटतो. इथपर्यंत रुखवतात मांडायच्या पोपटात आणि माणसाच्या मुखवट्यात काही फरक नाही. फरक पडतो तो रिंग आवळल्यावर. सहा पदरी लडीतून एकच पदर सोडवून तो बारीक सुईत ओवायचा आणि लांब-आखूड टाक्याने गाल भरायला घ्यायचा. टाके कसे पडावेत याचा हुकूम छाप्यात नसतो, तो कातडीच्या वळणावरून घ्यावा लागतो, म्हणजे कपाळावर आडवे, गालाच्या हाडावरून उतरते, हनुवटीशी वळसा घेणारे. नवशिकी मुलगी नाकाला हमखास रेघ काढते; बाई ती उसवायला लावतात, कारण नाकाला निसर्गाने रेघ दिलेली नाही, एका बाजूला दोन छटा गडद दिल्या आहेत एवढेच. केसांना काळा दोरा त्या सहसा लावत नाहीत. गर्द तपकिरी लावतात आणि काळा फक्त भांगाच्या कडेला व मानेमागे. बुबुळातील उजेडाचा ठिपका अगदी शेवटी, एकाच पांढऱ्या टाक्याने घालायचा, आणि तो कापडाच्या एका सुताने जरी सरकला तरी माणूस तिरळा दिसू लागतो.

चीनमधील सूचौच्या परंपरेत वाढलेल्या शेन शौ या कलावतीने पाश्चात्य चित्रांतील छायाप्रकाश याच वाटेने रेशमावर आणला आणि तिने भरलेले इटलीच्या राणीचे चित्र १९११ साली तुरीनच्या प्रदर्शनात मांडले गेले, हे मी येथे मोठ्या विद्वत्तेने सांगितले. दोघांनीही तिकडे लक्ष दिले नाही.

अप्पांनी दुसरीकडून चढाई केली. "वाचन म्हणता, तर मग त्यात वाचणाऱ्याची लहर आली. त्यापेक्षा हल्लीच्या मुली मोबाइलवर फोटो चढवून जो चौकटींचा नकाशा काढतात तो मला अधिक इमानी वाटतो. ज्या चौकटीत जी छटा, त्या चौकटीत त्या नंबरचा दोरा. उल्हासनगरात तर फोटोचे पंचिंग करून यंत्रावर भरून देतात. त्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही."

येथे बाईंचा आवाज प्रथमच चढला. "इमानी? इंचाला चौदा चौकटींच्या कापडावर आठ बाय दहा इंचांचा चेहरा घेतला तर १५,६८० फुल्या होतात. कष्ट थोडे नाहीत, ते मी नाकारत नाही. पण परवा गाडीत, बायकांच्या डब्यात, एक मुलगी असेच भरत बसली होती. मी विचारले, काय भरतेस? म्हणाली, तपकिरी, चार नंबर. मी नकाशा बघितला. ती स्वतःच्या वडिलांचा ओठ भरत होती, अप्पा, आणि तिला ते ठाऊक नव्हते. यंत्राची गोष्ट निराळी. यंत्राला वडील नाहीत."

चौकटींचे नकाशे ही काही मोबाइलची करामत नव्हे, बर्लिनच्या छापखानदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच हाताने रंगवलेले असे नकाशे विकून युरोपातल्या घराघरांत गाजलेली चित्रे लोकरीत भरवली होती, इतकी भर मी घातली. आपल्याकडचा प्रकार मात्र मला नेहमीच अधिक धीट वाटत आला आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला शिळाछापखाना काढला व पुढे तो मळवलीला गेला, आणि तेथून घरोघर पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतींवर आपल्या आज्या-पणज्यांनी खुशाल जर, टिकल्या, मणी आणि खऱ्या कापडाचे पदर चढवले. छापील चित्र आले ते जसेच्या तसे न ठेवता त्याला नेसवण्याचा हक्क त्यांनी कोणालाही न विचारता बजावला. अप्पांना हा दाखला आवडला नाही. देवीची गोष्ट वेगळी आणि सासूची वेगळी, असे ते म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे.

यानंतर बाईंनी टेबलाच्या खणातून दोऱ्यांच्या लड्या काढून चित्राशेजारी मांडल्या. राखी, करडे, काळे. "छटा लावून पाहिल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण एक कोडे सुटत नाही. नवी नवरी, आणि हिच्या कपाळावर हा असा काळा टिळा का?"

अप्पांनी चष्मा पुसला. "तो काळा नाही, बाई. ते कुंकू आहे. आमच्या जुन्या काचा आणि फिल्मा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. म्हणून तर काळोख्या खोलीत तांबडा दिवा लावून आम्ही बिनघोर काम करीत असू. तांबडे जे असेल ते त्या फिल्मेवर ठसाच सोडत नाही, आणि कागदावर ते काळे येते. आणि निळ्याचा ठसा इतका जोरदार, की आकाश पांढरेफटक. सगळ्या छटांना न्याय देणारी फिल्म आमच्यासारख्यांच्या हाती फार मागाहून आली."

शेजारी बसलेली सून इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "सासूबाई सांगत, त्या दिवशी लाल शालू नेसले होते. फोटोत बघून आम्हाला वाटायचे, म्हातारपणी विसरल्या."

शालूही चित्रात काळाच होता.

बाईंनी लड्या गोळा केल्या. "म्हणजे तुमच्या अस्सल दस्तऐवजात सवाष्णीचे कुंकू काळे, शालू काळा, आणि खरी जबानी द्यायला जी एक साक्षीदार होती तिला घरच्यांनी या कागदाच्या जोरावर खोटे पाडले."

अप्पा गडबडले नाहीत. मला वाटते, त्या दुपारचे त्यांचे उत्तम बोलणे हेच. "कागद खोटे बोलला नाही. तांबडे त्याला दिसतच नव्हते, आणि ते कधीच दिसत नव्हते. आज नाही आणि उद्या आहे, असा त्याचा कारभार नव्हता. त्याचा कायदा ज्याला ठाऊक आहे तो या काळ्यातून तांबडे बरोबर वाचतो. तुमच्या हाताचा कायदा काय, ते मला सांगा. आज तुम्हाला या चेहऱ्याची दया आली तर तुम्ही डोळा मोठा कराल, उद्या मान दुखली तर ओठ घाईत उरकाल, आणि पन्नास वर्षांनी तो कपडा पाहणाऱ्याला यातले काही कळण्याची सोय राहणार नाही."

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी उल्हासनगरची हकीकत सांगितली. कॅम्प नंबर तीनमधल्या एका सिंधी दादी त्यांच्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्या बराकींत मागे राहिलेल्या मालमत्तेचे कागद पोटाशी धरून आलेली कुटुंबे पुष्कळ होती, छायाचित्रे मात्र थोड्यांनी आणली. दादींपाशी आईचे एक होते. चेहरा अंधूक, पण चोळीवरचे भरतकाम, करड्या डागासारखे का होईना, शिल्लक होते. तो टाका हुरमुचो. त्यात आधी दोऱ्यांचा एक तिरपा सांगाडा कापडावर घालायचा आणि मग सुई कापडात न खुपसता त्या सांगाड्यातूनच वर-खाली गुंफत न्यायची; क्रम एका ठिकाणी चुकला की गुंफण बंद होत नाही. फोटोत क्रम दिसणे शक्यच नव्हते. दादींनी भिंग लावून डागाचा आकार पाहिला, सुई घेतली, आणि हात आपोआप चालू लागला. तेवढा चौकोन त्यांनी भरला. चेहऱ्याला हात लावला नाही.

"ही नक्कल मला मंजूर आहे," अप्पा तत्काळ म्हणाले. "कापडावरचे कापडावर गेले."

"आणि मधे फोटो नसता तर गेले नसते," बाई म्हणाल्या.

दोघे इतके जवळ आलेले पाहून मी निश्चिंत झालो होतो, तोच अप्पांनी चित्राची फाटकी कड पुन्हा निरखली आणि सुनेला विचारले, "हा भाग पाण्याने विरघळलेला दिसत नाही. सोलल्यासारखा आहे. फोटो तसबिरीतून काढला कसा?"

ती म्हणाली, पूर ओसरल्यावर तसबीर उन्हात वाळत घातली. फोटो काचेला चिकटला होता. वाळल्यावर धरून ओढला.

"आणि काच?"

"चिखलाबरोबर टाकली. घरभर काचाच होत्या तेव्हा."

अप्पा खाली बसले. फोटोच्या कागदावर सरसाचा थर असतो, ते सांगू लागले. चित्र असते ते त्या थरात. थर भिजला की काचेला धरतो, आणि सुकल्यावर ओढला तर कागद हातात येतो व चित्र काचेवर राहते. ते तेथे स्पष्ट दिसते. काचेसकट त्याचा फोटो काढता आला असता. सासूबाईंचा डोळा त्या काचेवर होता.

यानंतर वाद झाला तो फक्त त्या डोळ्याचा. उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवायचा नाही, यावर दोघांचे एकमत होते, कारण कोणत्याही माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. अप्पांचे म्हणणे, जेथे कागद कोरा तेथे कापड कोरे. बाईंचे म्हणणे, तेथे एका पदराचा, कापडाच्याच रंगाचा धावदोरा घालू. लांबून चेहरा पुरा वाटेल, आणि जवळ येणाऱ्याला कळेल की एवढे अंदाजाने आहे, वस्तुसंग्रहालयात फुटक्या मूर्तीचा जोडलेला भाग निराळ्या रंगाचा ठेवतात त्याप्रमाणे. सुनेला दोन्ही तोडगे नापसंत. "सासूबाईंना दोन डोळे होते," ती म्हणाली.

माझे मत विचारले नव्हते, तरी देतो. शालू लाल भरावा, कुंकू लाल भरावे, कारण त्यांना साक्ष आहे आणि फिल्मेच्या कायद्याचा आधारही आहे. डोळ्याला धावदोराच योग्य; सुनेचे दुःख खरे असले तरी तिच्याजवळ त्या तरुणपणच्या डोळ्याची साक्ष नाही, तिने पाहिला तो म्हातारपणचा. अप्पांना भीती वाटते ती बाईंच्या हाताची नव्हे, नोंद न ठेवणाऱ्या हाताची, आणि ती भीती रास्त आहे. म्हणून भरलेल्या कापडाच्या पाठीमागे नाव, गाव, भरणारीचे नाव, आणि कोणता भाग चित्रावरून, कोणता सांगण्यावरून, कोणता अंदाजाने, हे सगळे दोऱ्याने लिहावे, असे मी सुचवले. बाईंनी ते मान्य केले. अप्पांनी मान डोलावली नाही, पण मजकूर सांगायला तेच बसले.

वाचकांना एक विनंती. आपापल्या घरच्या जुन्या तसबिरी पावसाळ्यापूर्वी उतरवून त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, नाव, गाव व साल लिहावे. फोटो काचेला चिकटलेला आढळला तर तो ओढू नये; आहे तसा, काचेसकट, जाणकाराकडे न्यावा. आणि काच फुटलेली असली तरी तिचे तुकडे टाकू नयेत.